सहा नंबरची बदली

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती, तर मी अतुलला जरा शहाणा दाखवला असता.

अतुल माझा मावसभाऊ. मे महिना, सतरा तारीख, दुपारचे तीन. दिग्रसजवळच्या टेकड्या.

वणव्यावर नजर ठेवायला एका ठेकेदाराने रानात पाच पहारेकरी बसवले होते. प्रत्येकाजवळ वॉकीटॉकी. पण आवाज टेकडी ओलांडत नव्हता. म्हणून अतुलने दोन टेकड्यांवर दोन रिपीटर लावून एकमेकांना जोडले. एक ऐकतो, दुसऱ्याला सांगतो, दुसरा पुढे ओरडतो. आमच्याकडे लग्नात हे काम मामा करतात, बिनाबॅटरीचं.

दर तासाला अतुल नंबर पुकारायचा. पहारेकरी 'हजर' म्हणायचा. नियम एकच कडक होता. बदली निघाली असं वायरलेसवर ऐकल्याशिवाय जागा सोडायची नाही.

त्या दुपारी पाचही जण बोलले.

मग खरखर झाली...

"सहा नंबर. हजर."

सहा नंबर नव्हताच.

अतुलला वाटलं, पाच नंबरचा फुलसिंग मस्करी करतोय. त्याने वहीत सहावी ओळ आखली आणि हजेरी लावून टाकली.

चार वाजता पुन्हा तोच आवाज. कोरडा.

"बदली पाठवा. लय दिवस झाले."

"पाठवतो ना बाप्पा," अतुल म्हणाला. "फुलसिंग येऊन राह्यला."

पलीकडे कोणीतरी सुटल्यासारखा श्वास सोडला...

पाच वाजता चार जण बोलले. पाच नंबर बोलला नाही.

"सहा नंबर. हजर."

आवाज फुलसिंगचा होता.

कुठे आहे, ते त्याला सांगता येईना. पाणी नाही, सावली नाही, पाय उचलत नाहीत, एवढंच म्हणाला.

दोन दिवस लोकांनी टेकड्या पालथ्या घातल्या. झाडाखाली त्याची चप्पल सापडली, आणि अर्धी भाकर. भाकरीला मुंगीसुद्धा लागली नव्हती.

आवाज मात्र दर तासाला यायचा. दर तासाला बारीक होत.

त्याची बायको रामीबाई अतुलच्या वायरलेस सेटजवळच बसून राहिली. त्या दिवशी काय बोलला होतास, हे तिने अतुलला शांतपणे विचारलं. त्याने सांगितलं. परत ये म्हणून तो फुलसिंगला शंभरदा म्हणाला होता. बदलीशिवाय कसा येऊ, असंच उत्तर यायचं. त्याने बदली म्हणून ठेकेदाराचं नावही घेऊन पाहिलं. पण ठेकेदार स्वतः येईल, यावर पलीकडच्याचाही विश्वास बसला नाही.

रामीबाईने त्याच्या हातातून माईक घेतला. त्याच्याकडे पाहिलं नाही.

"थांबा जी. अतुल येऊन राह्यला."

दिवस मावळायच्या आत फुलसिंग अनवाणी घरी आला. घागरभर पाणी प्याला. दोन दिवसांतलं त्याला काही आठवत नव्हतं. आपली उरलेली भाकर कोणी नेली, म्हणून तो घरात चिडला.

रामीबाईने अतुलला ताज्या भाकरी बांधून दिल्या.

"लांब जाचं हाय भाऊ. वाटेत खाजो."

अतुल कुठे गेला नाही. दोन्ही रिपीटर उतरवून तो कळंबला आमच्या घरी पळून आला. ते माळ्यावर पडलेत, वायरी तोडलेल्या. त्याच्या वॉकीटॉकीची बॅटरी मी स्वतः काढली.

तरी दुपारी तीन वाजले, की वॉकीटॉकी खरखरते...

"अतुल, निघाला का?"

रिपीटरशिवाय तिथला आवाज कळंबला पोचणं शक्यच नाही, असं अतुल म्हणतो. मध्ये कोणीतरी ऐकून पुढे सांगत असलं पाहिजे.

आणि एकाने भागत नाही, म्हणतो. टेकडीपासून आमच्या दारापर्यंत ओळच लागते.