सोनकीचे तोतये

सकाळी सातला डॉ. वृंदा खरातनं चहाचा कप बाजूला ठेवला आणि सोनकीच्या पिल्लांच्या बॅटऱ्या किती उरल्यात ते तळावरच्या पडद्यावर पाहिलं. दोघांच्या पुरेशा होत्या. तिसऱ्याला बॅटरी नव्हती; ते खरं होतं.

सोनकी ही माळरानावरच्या प्रकल्पातली चित्त्याची मादी. या खेपेला तिला एकच पिल्लू झालं होतं, आणि चित्त्यांत एकुलतं असणं म्हणजे जिवावरचं दुखणं. एकट्याच्या ओढण्यानं पान्हा टिकत नाही. दूध आटतं, आई पिल्लाला टाकून निघून जाते आणि पुन्हा माजावर येते. निर्दय म्हणा हवं तर, पण तिच्या परीनं ती शहाणपणच करते.

यावर प्रकल्पानं तोतये बनवले होते. अंगात ऊब, पाठीवर खऱ्या पिल्लासारखी राखाडी आयाळ, दूध ओढणारं मऊ तोंड आणि ओढलेलं दूध साठवायला पोटात पिशवी. ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा माग काढणारे गेनबा देवकते खो खो हसले होते.

"अहो डॉक्टरबाई, एवढी यातायात! आमच्याकडं पारडू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीम्होरं ठेवत्यात. चाटती, पान्हा सोडती. झालं काम!"

तेव्हा वृंदाही हसली होती. हल्ली तिला काही आवडत नव्हतं आणि काही खुपतही नव्हतं. दोन वर्षांत तिनं अकरा पिल्लांची शवविच्छेदनं केली. पहिल्या तिघांच्या वेळी रडली. बाकीच्यांची कारणं तिनं नुसती अहवालात भरली.

वॉकीटॉकीवर गेनबांचा आवाज खरखरला. "बाई, सोनकीनं जागा बदलली. दोघांना उचलून वढ्यापलीकडं नेलं. तिसरं हितंच ऱ्हायलंय."

"कुठलं राहिलंय, मामा?"

"खरं. तास झाला, परत फिरकली न्हाई ती. नीट हुबंबी ऱ्हात न्हाई हे."

वृंदानं पडद्यावरचे आकडे पाहिले. तोतयांची ऊब तसूभर ढळलेली नव्हती, ओढणं दमदार. त्यांना जंत होत नव्हते, जुलाब होत नव्हते. निरोगी पिल्लाचं माप धरून ते बनवले होते आणि ते माप तिनंच दिलं होतं. सोनकीनं बिचारीनं आपली धडधाकट पोरं निवडली.

"कर्म माझं," ती म्हणाली, पण तेसुद्धा कागदावरून वाचल्यासारखं.

पिल्लू उचलून आणून हातानं वाढवलं तर ते जगलं असतं, पिंजऱ्यात. शिकार कधीच शिकलं नसतं. तसंच ठेवलं तर दुपारपर्यंत कोल्ह्यांनी नेलं असतं. तिसरी वाट एकच होती.

"मी तोतये बंद करतेय."

"आन् ती समद्यांनाच टाकून गेली मग?"

"जाईल." तिनं बटण दाबलं.

गेनबा दुर्बिणीतून बघून सांगत राहिले. सोनकीनं गार पडलेल्यांना हुंगलं, चाटलं, नाकानं ढोसलं. पाखरासारखी चिवचिवली. अर्ध्या तासानं उठली आणि ओढ्याकडे निघाली.

"उचललं! बाई, मानंला धरून उचललं तिनं!" गेनबा ओरडले. आता आपल्याला रडू येईल, असं वृंदाला वाटलं. आलं नाही.

सोनकीनं ते पिल्लू नेऊन दोन गार तोतयांच्या मध्ये ठेवलं. मग कुशीवर पडून ती वाट बघत राहिली, तिघांची. एकच तोंड लागलं.

एकट्यानं पान्हा आठवडाभरही टिकला नसता. तोतये चालू करणं भाग होतं, फक्त पूर्वीच्या जोमानं नाही. वृंदानं त्यांची ऊब दोन अंशांनी उतरवली, ओढण्याचा जोर पार खाली आणला.

"काय करताय?" गेनबांनी विचारलं.

"त्यांना आजारी पाडतेय, मामा. खऱ्यापेक्षा जरा जास्त. म्हणजे पुढच्या वेळी ती आधी याला उचलेल."

गेनबांनी दुर्बीण पुन्हा पिल्लाकडे वळवली.

"आन् उद्या हे आनखी खंगलं, तर त्यास्नी किती पाडनार? पान्हा टिकायला कुनीतरी जोरानं वढाया नको का, बाई?"