भैरवकड्याची हजेरी

पौषातली पहाट होती. भैरवकड्याच्या तटाला धुके चिकटून बसले होते, खाली गनिमाच्या छावणीतल्या शेकोट्या विझत आल्या होत्या, आणि चार महिन्यांच्या वेढ्याला जी शिबंदी बधली नव्हती, ती गडावर घरोघर खोकत पडली होती.

किल्लेदार हैबतरावांच्या मातोश्री म्हाळसाबाई पंधरा दिवस काढा घेऊन वणवण फिरत होत्या. आधी पडसे, मग ताप, मग धाप, आणि आठवड्यात चिता. अशा एकोणीस चिता झाल्या. बाईंना अक्षर येत नव्हते, पण डोळे शाबूत होते. बुरुजावर वाऱ्यात उभे राहणारे पहारेकरी धडधाकट होते. अंथरूण धरत होते ते सदरेवर बसणारे. थंडीसाठी सदरेला चहूकडून जाड पडदे, आत शेगड्या, आणि रोज सकाळी दीडशे माणसे मांडीला मांडी लावून मुजऱ्याला हजर.

ही अक्कल सबनीस त्रिंबकपंतांची. गडावर फितुरी आहे, असे त्यांनी हैबतरावांच्या मनात भरवले होते. मुजऱ्याला चुकेल तो फितूर, आणि फितुराला कडेलोट. मग काय, ज्याला उभे राहवत नव्हते तोही धाकाने येई आणि आजूबाजूच्या चौघांच्या तोंडावर खोकून जाई. बाईंनी तीनदा सांगून पाहिले. तिन्ही वेळा लेकाने, "आईसाहेब, राजकारण आपला प्रांत नव्हे," म्हणून वाटेला लावले.

त्या सकाळी म्हातारे हवालदार रायाजी दोघांच्या खांद्यावर लोंबत पायऱ्या चढताना दिसले, आणि म्हाळसाबाई सदरेच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"मागे फिरा, हवालदार."

"पन्नास वर्षे चाकरी केली, बाईसाहेब. आता फितूर म्हणवून घेऊ?"

त्रिंबकपंत शालीला नाक पुसत पुढे आले. "मातोश्रींनी विचार करावा. हजेरी मोडणाऱ्याची शिक्षा ठरलेली आहे."

"मग माझ्यापासून सुरुवात करा, पंत. मी मुजऱ्याला येत नाही. लिहा, म्हाळसा फितूर. फक्त कड्यापर्यंत न्यायला चार माणसे अशी निवडा, ज्यांना वाटेत धाप लागणार नाही."

हैबतरावांचा चेहरा उतरला. भर सदरेत हुकूम मोडला होता. त्यांनी चौघांना खूण केली. एकही जागचा हलला नाही. पडद्याआड कुणी खोकले, मग दुसरा, मग सगळी सदरच.

"काय करावे म्हणता?" शेवटी हैबतराव म्हणाले.

"पंधरा दिवस तेच सांगून घसा कोरडा झाला. पडदे फाडा. हजेरी तटावर घ्या, दोघांत भाल्याएवढे अंतर ठेवून. खोकणारा रिकाम्या पागेत निजेल, दारे उघडी ठेवून. त्याच्यापाशी एकानेच जावे, तेही तोंडाला शेला गुंडाळून."

पडदे उतरले. रायाजी तिसऱ्या दिवशी पागेतच वारले. त्यांच्यामागून आणखी तिघे. पण महिना सरता साथ ओसरली, आणि गनिमाने शिड्या लावल्या त्या दुपारी धोंडे लोटायला सव्वाशे माणसे तटावर उभी होती. शिड्या मोडल्या, वेढा उठला. किल्लेदारांच्या पुण्याईने गड राहिला, असा खलिता त्रिंबकपंतांनी राजधानीला धाडला.

सायंकाळी हैबतराव आईच्या दारी आले. "चुकलो, आईसाहेब."

"मला काय सांगतोस? रायाजीच्या बायकोला सांग. जीव जाईस्तोवर तो 'मी फितूर नाही' एवढेच बडबडत होता."

पाया पडायला ते वाकले आणि त्यांना ढास लागली. म्हाळसाबाई चटकन दोन पावले मागे सरल्या. पुढे झालेला हात त्यांनी पदराखाली घट्ट दाबून धरला.

"पागेत जा, हैबती. चार बायकांना मी त्यांच्या धन्यापाशी शेवटचे बसू दिले नाही. आता तुझ्या डोक्यावरून हात फिरवायला मला तोंड नाही."