न वाचलेल्या पुस्तकातली बहीण

इंग्रजी साहित्याच्या आमच्या वर्गात जेमतेम सहा जण, त्यामुळे मागे तोंड लपवून बसायची सोय नव्हती. मॅडम दर सोमवारी कादंबरीचा पुढचा भाग वाचून यायला सांगत आणि एकेकाला बोलतं करत. न वाचता वाचल्यासारखं बोलणं हीच आमची खरी पदवी.

त्या सोमवारी माझी पाळी आली. "तुला यातलं कोण आवडलं?"

मी पुस्तक उघडलंही नव्हतं. "नायकाची धाकटी बहीण," मी ठोकून दिलं. मग थांबताच येईना. वेणी घालताना गुणगुणते, पुढचा दात जरासा तुटलेला, म्हणून हसताना तोंडावर हात धरते. हे सगळं माझ्याच धाकट्या बहिणीचं होतं. ऐनवेळी दुसरं काही सुचलं नाही.

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मेलो, मला वाटलं. पण म्हणाल्या, "छान. तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. लेकाचे, हे तरी कुठे वाचून आले होते!

पुढच्या सोमवारी शेजारच्या बाकावरची म्हणाली, "ती भावाच्या चपला लपवते, तो भाग मस्तच आहे."

हे मी बोललो नव्हतो. पण धाकटी घरी अगदी हेच करायची. वाचनालयातून जुनी प्रत काढली. चपलांचा भाग खरंच त्यात होता; पान पिवळं पडलेलं, आणि त्या भागाखाली कुणीतरी कधीकाळी पेन्सिलीने रेघ ओढलेली.

घरी धाकटी आरशासमोर वेणी घालत होती. खोलीत आवाज नव्हता.

"आज गाणं नाही?"

"मी कुठे गाते रे?" ती वळून हसली. तोंडावर हात नव्हता. दात धड होता.

मग कादंबरीच्या शेवटावर बोलायचा दिवस आला. मॅडमनी आधी विचारलं, "कुणी न वाचता आलंय का? खरं सांगा, रागावणार नाही."

आता बोललो तर कदाचित सगळं थांबेल, हे मला कळत होतं. पण त्या पाच जणांसमोर खोटं पडायची इतकी लाज वाटली, की हात बाकाखालून निघेना.

"मग तूच सांग. ती बहीण शेवटी कुठे जाते?"

"कुठेच नाही. घरीच राहते."

पाच पुस्तकं एकदम उघडली.

"शेवटचं पान नीट वाच," मॅडम हळूच म्हणाल्या.

मी ते न उघडताच घरी पळालो.

धाकटी बाहेरच्या खोलीत, खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. मला पाहून उठली. "तुम्ही बसा ना."

आई पाण्याचा पेला घेऊन आली. "तुझ्या ओळखीची आहे का रे ही? बराच वेळ झाला, नुसती बसून आहे."

धाकटी माझ्याकडे बघत होती. ती माझी कोण हे सांगायचं, तर आधी पुस्तकाचं सांगावं लागणार होतं.

"नाही," मी म्हणालो.

"मग दारापर्यंत सोडून ये तिला."

मी सोडून आलो.