नावांपुरती उघडी खिडकी

रविवारी अकरा ते एक इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या निम्म्या आयरिश घरांत बटाटे एका बाजूने करपत, कारण ते उलटवायला कुणी जागचं हलत नसे. रेडिओवर ब्रीडा किलगॅनन असायची. आधी दोन झकास रील, म्हणजे गावाकडच्या नाचाच्या धुना, मग तिकडे आयर्लंडात लेट्रिमच्या फुटबॉलवाल्यांनी आदल्या दिवशी कसा मार खाल्ला त्याचं सुतक, मग कुणाच्या नातीचं बारसं, आणि बाराची घंटा झाली की निधनवार्ता. गेलेला माणूस कुठल्या वाडीचा, इथे कुठल्या कारखान्यात होता, माती इथे देणार की तिकडे नेणार, हे कळल्याशिवाय लोकांच्या घशाखाली घास उतरत नसे.

ब्रीडाला चौऱ्याहत्तर सरलेली. लग्न केलं नाही, चाळीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढली. इतकी माणसं हाताखालून गेली होती की भुताखेतांवर विश्वास ठेवायला तिला सवडच झाली नाही. एक नेम मात्र तिने आयुष्यभर पाळला. रोगी गेला की वॉर्डची खिडकी उघडायची, त्याच्या वाटेत कुणाला उभं राहू द्यायचं नाही आणि दोन तासांनी आठवणीने खिडकी लावायची, नाहीतर गेलेला परत येतो. हे आईने शिकवलेलं. डॉक्टरांना ती सांगे, "जरा हवा खेळू दे."

रेडिओवरही तेच. निधनवार्तेआधी ती उठून स्टुडिओची खिडकी उघडायची. फोल्सहिल रस्त्यावरच्या बसचे ब्रेक आणि खालच्या मिठाईवाल्याचं पंजाबी गाणं त्या नावांमध्ये मिसळायचं. श्रोत्यांना त्याचीही सवय झाली होती.

आणि शेवटची रील मलाकीसाठी. मलाकी तिचा धाकटा भाऊ. दोघं एकाच बोटीने इकडे आली होती. तो बांधकामावर राबायचा आणि संध्याकाळी अशी बासरी वाजवायचा की भांडणारे थांबत. अठ्ठ्याहत्तर साली आईच्या मातीला तो पिऊन आला, खड्ड्याच्या कडेला अडखळला. लोकांनी माना खाली घातल्या. इकडे परत आल्यावर ब्रीडाने त्याला दारातच सुनावलं, "माझ्या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस." त्याने ठेवलं नाही. त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि मधे साधं पत्रही नव्हतं. ज्याचा पत्ता नाही त्याला निदान रेडिओ तरी लागेल, एवढ्यासाठीच तिने हा कार्यक्रम सुरू केला होता. निधनवार्तेत तिने त्याचं नाव कधी घेतलं नाही. जोवर नाव वाचलं नाही, तोवर तो कुठेतरी बटाटे करपवत बसलेला होता.

मार्चमध्ये केंद्र हललं. नवा स्टुडिओ वाचनालयाच्या तळघरात होता. भिंतींना करडा फोम, हातभर जाडीचं दार. खिडकी नाही.

"आता बाहेरचा टाचणीएवढा आवाज येणार नाही, आंटी," गुरदीप कौतुकाने म्हणाली. केंद्र तीच चालवायची, आणि एक वाजता तिचा पंजाबी कार्यक्रम असे.

"मग नावं बाहेर जाणार कुठून?"

"तारेतून!"

फिंटन लॉक्नेन खो खो हसला. फिंटन म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर, सव्वीस वर्षं ब्रीडासमोर बसून यंत्रं सांभाळणारा. "हिला पाणबुडीत बसवलीस तरी ही खिडकी मागेल," तो म्हणाला.

ब्रीडाने दार किलकिलं ठेवून पाहिलं, तर प्रसारणाचा लाल दिवाच लागेना. शेवटी तिने दार लावलं आणि पहिल्या रविवारचं एकच नाव वाचलं. पॅकी टार्पी, मोटारीच्या कारखान्यातला रंगारी. हा पॅकी दर आठवड्याला फर्माईश करायला फोन करायचा, आणि आधी कोरडं खोकल्याशिवाय त्याने कधी वाक्य सुरू केलं नाही. फोनवर खोकला आला की फिंटन न विचारता त्याची रील शोधायला लागे.

कार्यक्रम संपता संपता वृद्धाश्रमातून ऊना गिलरॉयबाईंचा फोन आला. "आज पायाने ताल कोण धरत होतं गं? मस्त ठेका आहे हो."

"कुणी नाही, ऊना. आम्ही दोघंच."

"मग फिंटनला सांग, म्हातारपणी चांगलं जमायला लागलंय."

फिंटनच्या पायात लोखंडी सळी होती. त्याने कधी ताल धरला नव्हता. त्याने कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण लावून ऐकलं. बासरीच्या आणि फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, सुरांखाली लाकडावर बुटाचा ठेका होता, जुन्या माणसांचा, जड आणि बिनचूक. तबकडी वाजत असताना माइक बंद असतो. तळघरात जमिनीवर गालिचा होता.

"तबकडीतच असेल," ब्रीडा म्हणाली.

त्यांनी मूळ तबकडी लावून ऐकली. त्यात नव्हता.

पुढच्या रविवारी तिने दोन नावं वाचली आणि ध्वनिमुद्रणात तीन ठेके आले. फिंटनने तारा बदलल्या, माइक बदलला, आपल्या बायकोला शिव्या घालाव्यात तशा यंत्राला घातल्या. त्याच्या पुढच्या रविवारी एक नाव, आणि चार ठेके. त्यात दोन रीलच्या मधल्या शांततेत कुणीतरी कोरडं खोकलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पॅकी आपली फर्माईश सांगतोय," फिंटन कसंबसं म्हणाला.

खरं सांगायचं तर ब्रीडा घाबरली नाही. तिला मनातून बरंच वाटलं. ही सगळी तिची माणसं होती. यांच्या लग्नांत ती नाचली होती, यांच्या पोरांना तिने सुया टोचल्या होत्या. मेले, पण एक मात्रा चुकतील तर शपथ. ती फक्त म्हणाली, "बिचारे अडकलेत रे. खिडकी नाही ना." आणि पुढच्या रविवारी पॅकीची रील मुद्दाम दोनदा लावली.

मेपर्यंत वाचलेली नावं सात झाली. त्या रविवारी नवं नाव नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर फिंटनने कानाचे फोन तिच्या हातात दिले. "शेवट ऐक. मलाकीच्या रीलचा. सगळे थांबतात. नंतर ऐक."

तिने ऐकलं. सूर संपला. सातही पाय एकदम थांबले.

मग टाचेचे दोन ठोके. टक. टक.

"आपण सातच वाचले ना?" फिंटन विचारत होता. "मग हा आठवा कोण?"

ब्रीडाने फोन काढून मांडीवर ठेवले. बाप या खोडीसाठी मलाकीला फटके द्यायचा. सूर संपला तरी ह्याचं पाऊल संपत नाही, म्हणायचा. मलाकीने खोड सोडली नाही.

"गेला रे तो," ती म्हणाली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा फिंटनसमोर रडली.

पुढचा कार्यक्रम तिने आपल्या स्वयंपाकघरातून करायचा ठरवला. फिंटन छोटं यंत्र घेऊन आला. टेबल, दोन खुर्च्या, मोरीच्या वर उभी सरकणारी खिडकी आणि तिला जाळीचा पडदा. बाहेर वाळत घातलेल्या चादरी हलतही नव्हत्या. बाराची घंटा झाली. ब्रीडाने खिडकी पूर्ण वर केली आणि बाजूला सरून उभी राहिली.

तिने सातही नावं पुन्हा वाचली. वाडीसकट, सावकाश. प्रत्येक नावाला पडदा बाहेरच्या बाजूला फुगला आणि परत खाली बसला.

फिंटनने छातीवर क्रूस काढला.

"मलाकी किलगॅनन," ती म्हणाली. "गोर्टीन वाडीचा. बांधकामावर मजूर. बासरी वाजवायचा. कधी गेला, कुठे गेला, माहीत नाही."

पडदा हलला नाही.

तिच्या कागदावर एवढंच लिहिलेलं होतं. तरी ती थांबली नाही. "मलाकी, तेव्हा बोलले ते मी मागे घेते. ऐकतोयस ना? ये. आत ये."

फिंटनने घाईघाईने रील लावली आणि माइक बंद केला. "अगं बये, जाणाऱ्याला कुणी 'ये' म्हणतं का? आणि तेसुद्धा सगळ्यांच्या कानावर!"

"माझा भाऊ आहे तो."

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी ध्वनिमुद्रण ऐकलं. नुसती बासरी आणि फिडल. खाली काही नाही. फिंटनने नाक पुसलं. "सुटले गं सगळे." दोन वाजता तो निघाला, दारातून परत वळला. "खिडकी लाव. दोन तास झाले."

"लावते. तू जा, तुझी बायको जेवायची खोळंबली असेल."

तिने लावली नाही.

तीन वाजले. चार वाजले. तिने दोन कप मांडले, चहा केला, टेबलाशी बसली. समोरची खुर्ची रिकामी. बाहेर ऊन होतं, कुणीतरी गवत कापत होतं. मग ते यंत्रही थांबलं.

ब्रीडा आपल्या चिरक्या आवाजात ती रील गुणगुणू लागली. पहिला भाग, दुसरा भाग, परत पहिला. शेवटचा सूर तिने सोडला.

टेबलाखाली, समोरच्या खुर्चीपाशी: टक. टक.

"उशीर केलास रे," ती म्हणाली. दुसऱ्या कपात तिने चहा ओतला, त्याला आवडायची तशी तीन चमचे साखर घातली. उठली, खिडकी खाली ओढली आणि कडी घातली, म्हणजे आता तो जायला नको.

मागे कुणीतरी कोरडं खोकलं.

तिचा हात कडीवर तसाच राहिला.

मग तिने वळून न बघता फडताळ उघडलं आणि आणखी कप काढायला घेतले. तीन. चार. पाच. तिच्या पाठीमागे टेबलाभोवती एकामागून एक खुर्च्या सरकत होत्या.

घरात खुर्च्या दोनच होत्या.