एकशे त्रेपन्न दात

प्रेम म्हणजे दोन जीवांनी एकाच दिशेने केलेली वाटचाल, असं गंभीर चेहऱ्याची बरीच माणसं सांगत आली आहेत. आमचीही वाटचाल एकाच दिशेने झाली. फरक इतकाच, की तो स्टिअरिंग धरून आत बसला होता आणि मी मागून गाडी ढकलत होते.

सकाळची वेळ. भुरभुर पाऊस. मी दुकान उघडायला निघाले होते, तोच एका फिक्या निळ्या, जुन्यापुराण्या गाडीतून एक डोकं बाहेर आलं.

"अहो, जरा हात लावता का? पुढे उतार आहे... तिथपर्यंतच!"

हसणं छान होतं, एवढं मान्य करते. मी छत्री मिटून खांदा लावला. शंभर पावलं गेल्यावर उतार लागला, इंजिनाला खोकला आला, गाडी सुरू झाली — आणि थांबली नाही. मागच्या चाकांनी डबक्यातलं सगळं पाणी माझ्या अंगावर ओतलं. खिडकीतून एक हात हलला. बस्स. थांबून 'थँक यू' म्हणण्याइतकीही लाज नसावी माणसाला?

तिसऱ्या दिवशी तीच गाडी माझ्या दुकानासमोर. इंजिन चालूच.

"मिस्त्री आहेत का?"

"मीच."

त्याने मला ओळखलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. झाल्याच पाहिजेत.

आमचं दुकान गाड्यांचे सेल्फ दुरुस्त करायचं. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर. हे काम आधी माझे वडील, आबा, करायचे. त्यांची नजर अधू झाल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, मी करते. आबा दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि न विचारलेले सल्ले देतात. बाजारात मला सगळे 'सेल्फवाली' म्हणतात. माझ्याकडून गेलेलं काम कधी परत आलेलं नाही. ही एकच गोष्ट माझ्याजवळ मिरवण्यासारखी आहे, आणि मी ती मिरवते.

"त्या दिवशी लगेच थांबलो असतो तर नुकतं सुरू झालेलं इंजिन पुन्हा बंद पडलं असतं," तो म्हणाला. "तापल्यावर हिचा सेल्फ फिरतच नाही."

"मग इतकी वर्षं कसं चालवलंत?"

"उतारावर लावतो."

तो दातांचा डॉक्टर होता. दवाखाना उतारावर. न्हावी, बँक, मित्र, सगळे उतारावरचे बघून धरलेले. "सपाट भागात एक आत्या राहते," तो म्हणाला. "सहा वर्षं गेलो नाही."

मला या माणसाचा रागच आला. लोक एवढ्याशा कारणाने सख्खी आत्या टाकतात?

मी गाडीखाली गेले. जुना सेल्फ म्हणजे चांगला नऊ किलोचा लोखंडी गोळा, सायलेन्सरच्या पाइपाला खेटून बसलेला. पाइप तापला की हा भाजून निघणार आणि रुसणार.

"हा काढायचा. नवा छोटा सेल्फ बसवायचा. वजन निम्मं. आत गिअर असतात, त्यामुळे मोटर लहान असून जोर जास्त. आणि पाइपापासून लांब वळवून बसवता येतो."

"पण गाडी मूळ रूपात राहिली पाहिजे! ही मामाची आठवण आहे."

"मामा उतारावर राहायचे का?"

आबा खुर्चीतून खोकले. आबांचा हसण्याचा तो प्रकार आहे.

"बसवा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तसंही मला एक तारखेच्या आत ती धडधाकट हवी आहे. दुसऱ्या शहरात मोठ्या रुग्णालयात नोकरी लागली आहे. ते शहर परातीसारखं सपाट आहे."

म्हणजे मी काम चोख केलं, की हा जाणार. मला काय त्याचं? काहीच नाही. हातातला पाना मात्र उगाच जोरात खाली ठेवला गेला.

आता अडचण दातांची. सेल्फ ज्या चाकाला फिरवतो त्याच्या कडेला दात असतात. या इंजिनात दोन मापांची चाकं येत, एकशे त्रेपन्न दातांचं आणि एकशे अडुसष्टचं. दोन्हींचे सेल्फ वेगळे.

"एकशे त्रेपन्न निघाले तर सेल्फ इथेच, बेअरिंगकाकांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळेल," मी म्हटलं. "अडुसष्ट निघाले तर बाहेरून मागवायचा. पंधरा दिवस."

"मोजायचं माझ्यावर सोडा. माझा धंदाच आहे."

जुना सेल्फ काढला, एका दातावर खडूची खूण केली. मी पुढे उभी राहून पान्याने इंजिन हळूहळू फिरवत होते आणि तो खाली झोपून, तोंडात घालायचा तो आरसा घेऊन मोजत होता. "जरा मोठा आ..." असं गाडीला म्हणाला. मी हसले नाही. म्हणजे, त्याला दिसेल असं हसले नाही.

"एक्क्याऐंशी... ब्याऐंशी... तुम्ही दोन पायांत दोन रंगांचे मोजे घातलेत."

"दात मोजा!"

"मोजतोय की. एका तोंडात सगळे मिळून बत्तीसच भेटतात हो, इथे मजा येतेय... त्र्याऐंशी..."

शेवटी बाहेर आला. गालाला ग्रीस. माझ्याकडे बघितलं.

"एकशे... अडुसष्ट."

मी स्वतः मोजायला हवं होतं. आजवर मी दुसऱ्याच्या डोळ्यांवर कधी काम सोडलं नाही. त्याच दिवशी का सोडलं, ते कोणी विचारू नये.

बेअरिंगकाकांनी सेल्फ मागवला. पुढचे पंधरा दिवस डॉक्टर रोज संध्याकाळी हजर. पायी, कारण गाडी माझ्याकडे.

"आला का?"

"नाही."

"बरं झा... बरं बरं."

मग बसायचा. मी मोटरींचे झिजलेले कार्बन ब्रश बदलायचे, तो बल्ब धरायचा. आबांची कवळी त्याने घासून नीट बसवून दिली, तेव्हापासून आबांचे सल्ले जास्तच स्पष्ट ऐकू यायला लागले. एकदा माझ्या बोटाला तार लागली, तर पट्टी बांधायला त्याने इतका वेळ घेतला की तेवढ्यात दाढ काढून झाली असती.

"दुखतंय?"

"बोट सोडलंत तर कळेल."

सोडलं नाही. मीही ओढून घेतलं नाही.

सोळाव्या दिवशी सेल्फ आला. बसवला. किल्ली फिरवली, आणि असा कर्रर्र आवाज निघाला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. मी सेल्फ उतरवला, खडू घेतला आणि पाना आबांच्या हाती देऊन मोजायला खाली झोपले.

एकशे त्रेपन्न.

डॉक्टर शेजारी उभा होता. त्याच्या कानाच्या पाळ्यांनी कबुलीजबाब दिला.

"तू... तू मुद्दाम खोटं सांगितलंस?"

"पंधरा दिवस हवे होते," तो म्हणाला. "तुझ्याकडे यायला दुसरं काही कारण सुचेना."

"कारण? दात तपासून घे म्हणून मला दवाखान्यात बोलवायचं होतंस! हजार वेळा आले असते! माझ्या नावावर चुकीचा माल मागवलास? बेअरिंगकाका आता गावभर सांगतील, सेल्फवालीला दात मोजता येत नाहीत!"

तसंच झालं. मी माल परत न्यायला गेले तर काका भर गर्दीत म्हणाले, "अगं, चष्मा कर आता. आबांचाच घाल हवा तर!" आठवड्याच्या आत दोन गॅरेजवाल्यांनी सेल्फ दुसरीकडे पाठवले. बारा वर्षांचं नाव, आणि गेलं कशापायी? एका माणसाला संध्याकाळी बसायला जागा हवी होती म्हणून. मी त्याला दुकानाची पायरी चढायची नाही असं बजावलं. आबा म्हणाले, "कवळी सैल झालीय." मी म्हटलं, "राहू दे सैल."

तीन दिवसांनी बेअरिंगकाकांचा फोन. मागे नेहमीचा गोंगाट नव्हता.

"अगं, तुझा तो दातवाला इथे आलाय. पांढऱ्या कोटात. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगतोय की दात त्याने मोजले आणि जाणूनबुजून खोटे सांगितले. मी म्हटलं, का बाबा? तर म्हणतो..."

"काय म्हणतो?"

"ते त्याच्याच तोंडून ऐक. मला लाज वाटते."

गॅरेजवाले परत आले. डॉक्टरचे पेशंट मात्र हादरले. जो दातांबद्दल खोटं सांगतो त्याच्याकडून दाढ कोण काढून घेणार? दोघांनी ठरलेल्या वेळा रद्द केल्या, असं आबांनी कवळी पुन्हा घट्ट करून आल्यावर कळवलं. चोरून गेले होते!

मी योग्य सेल्फ आणला आणि त्याला निरोप धाडला. गाडी ठेवून तर घ्यायची नाही ना कायमची.

तो आला. बल्ब धरला. सेल्फचा दात आणि चाकाचा दात यांत कागदाला लावायच्या क्लिपच्या तारेइतकी फट लागते. कमी झाली तर घासतात, जास्त झाली तर निसटतात. पातळ पत्र्याची चकती घालून मी ती फट साधली.

"एवढंच अंतर?" त्याने हळूच विचारलं.

"एवढं तरी ठेवावंच लागतं."

किल्ली फिरवली. अर्ध्या फेऱ्यात इंजिन सुरू.

तापल्यावरची परीक्षा बाकी होती. अर्धा तास गाडी पळवली आणि त्याच्या आत्याच्या गल्लीत आणली. रस्ता टेबलासारखा सपाट. त्याने गाडी बंद केली. टपावर पाऊस टपटपत होता. मनात दहा आकडे मोजून त्याने किल्ली फिरवली. झट्दिशी सुरू. पुन्हा बंद. पुन्हा सुरू.

"झालं," मी म्हटलं. "आता जा. कितीही सपाट शहर असू दे."

"हं."

"हं काय? उद्या एक तारीख आहे. जा की!"

"मी नाही येत म्हणून कळवलं. आज सकाळीच रजिस्टर पत्र टाकलं."

मला काय वाटलं ते मी सांगणार नाही. तोंडून निघालं ते असं: "मग मी हा सेल्फ कुणासाठी बसवला?"

"आपल्यासाठी," तो म्हणाला. मग घाईघाईने, "म्हणजे... तू हो म्हणालीस तर. मोठ्या रुग्णालयातली मोठी नोकरी सोडली मी. तुझ्यासाठी. काहीतरी बोल ना..."

"मला न विचारता नोकरी सोडलीस! पुन्हा मनाचा कारभार!" मी म्हटलं. "हो."

"हो म्हणजे... कारभार, की..."

"हो म्हणजे हो. किती मोजशील?"

खिडकीच्या काचेवर कुणीतरी टकटक केली. आत्या. हातात छत्री. सहा वर्षांनी दिसलेल्या भाच्याकडे न बघता ती मला म्हणाली, "तू आणलंस होय याला? ये, आत ये."

या माणसाने माझ्यासाठी केवढा त्याग केला, हे मी पुढचे दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते. बेअरिंगकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तिसऱ्या दिवशी रुग्णालयाचं पत्र आलं. त्याचं पत्र पोहोचायच्या आधीच ते तिथून निघालं होतं. दातांचा विभाग सुरू करण्याचा बेत रद्द झाला होता.