जाळलं तेवढंच खाल्लं

सकाळी सातच्या सुमाराला हर्षलाला घरबसल्या कळलं, की दादा मिसळ खातोय.

फोनवर नुसती ओळ उमटली होती: मटकी, तेल, बटाटा, मैदा. पण सातारच्या माणसाला एवढं पुरे. अजिंक्यतारा चढून उतरलेली मंडळी पायथ्याच्या टपरीवर घोळक्यानं बसतात आणि घाम वाळायच्या आत मिसळ मागवतात. आधी चढायचं, मग खायचं. न चढता नुसता मिसळीला येणारा गडी त्या बाकड्यावर चेष्टेचा विषय. हर्षलाचा थोरला भाऊ धैर्यशील या बाकड्याचा जुना मेंबर.

"दुसरा पाव घेतला बघ," हर्षला पुटपुटली. मैद्याचा आकडा वाढला होता. तिच्या स्वतःच्या तोंडात बर्फाचा खडा होता, कारण दिवसाचं पाणी तिला मापून मिळायचं आणि त्यातलं निम्मं औषधांबरोबर जायचं.

दादाच्या मागच्या दाढेवर तांदळाच्या कणीएवढा एक मणी चिकटवलेला होता. त्याला दातमणी म्हणत. घशाखाली काय गेलं आणि किती, हे तो ओळखायचा. दंडावर ऊर्जापट्टी असायची. ती जळलेले उष्मांक मोजायची. ही जोडी आता घरोघर झाली होती. लग्नाच्या पंगतीत लोक पट्टी दाखवून जिलबीला नाही म्हणू लागले होते आणि आग्रह करणाऱ्यांची पुरती पंचाईत झाली होती.

दादानं मात्र हौस म्हणून मणी बसवला नव्हता. हर्षलाच्या दोन्ही किडन्या संपल्या होत्या. डुकराच्या किडन्या दवाखान्यात मिळू लागल्या होत्या, पण तिच्या रक्तानं त्या पार नाकारल्या. दादाची जुळली. अडलं ते वजनावर. एवढ्या जाड माणसाची किडनी काढणं त्याच्याच जिवाला धोक्याचं, म्हणून डॉक्टरांनी हद्द घालून दिली होती: ब्याऐंशी किलो, दिवाळीच्या आत. डायलिसिससाठी टोचून टोचून हर्षलाच्या शिरा दमल्या होत्या. दिवाळीपुढे त्या किती साथ देतील, हे कुणीच छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं.

दात्यानं वजनापायी स्वतःची उपासमार करू नये, म्हणून त्याचे आकडे बघायला घरचा एक साक्षीदार नेमायचा नियम होता. दादानं बायकोला सोडून बहिणीचं नाव दिलं. तेव्हापासून त्याचा घास न् घास हर्षलाच्या फोनवर यायचा.

"पंधरा दिवस तोच आकडा आहे," तिचा नवरा नितीन खांद्यावरून डोकावत म्हणाला. "शहाऐंशी. हलायचं नाव नाही."

"रोज चढतोय रे तो."

"चढतोय आणि चढल्याचं लगेच वसूल करतोय. हर्षू, मी बोललो तर वाईट दिसेन. पण मनातून नको असेल त्याला, तर तो कसं सांगणार? बहिणीला तोंडावर नाही म्हणता येत नाही. वजन उतरलं नाही, की आपोआप नाही होतं."

"गप्प बस," हर्षला म्हणाली. पण संशय हा असा पाहुणा आहे, की त्याला नुसतं बस म्हटलं तरी तो जेवूनच जातो. दुपारपर्यंत तिनं महिन्याभराचे घास तपासले. चोरून काही खाल्लेलं नव्हतं. पट्टीनं जेवढी मुभा दिली, तेवढंच पोटात गेलं होतं. मग वजन उतरत का नव्हतं? कुठंतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की.

ती तडक शाहूपुरीत दादाच्या घरी गेली. दादा दिवाणावर लोळत होता. सोनलवहिनी खाली मटार सोलत बसली होती. हर्षला आली तरी तो उठला नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा वहिनीनंच आणून त्याच्या हातात दिला.

"दादा, खरं सांग. तुला द्यायची आहे ना?"

"काय द्यायची?"

"किडनी."

दादा उठून बसला. त्यानं बाही वर करून दंड तिच्यापुढं धरला. पट्टीवर हिरवी अक्षरं होती: आजच्या चढाईचे सहाशे उष्मांक जास्त खाता येतील.

"हे बघ. गडावर सहाशे जाळले, खाली येऊन सहाशे खाल्ले. जाळलं तेवढंच खाल्लं! एक घास वरचा नाही. तू तर फोनवर बघतेसच की सगळं."

"एकादशी आन् दुप्पट खाशी, असलं चाललंय तुझं."

"दुप्पट कुठं? बरोबरीत खातोय मी." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "हर्षे, तुला असं वाटलंच कसं गं?"

तिला लाज वाटली आणि संशयही गेला नाही. वहिनी मान खाली घालून मटार सोलत राहिली, एक शब्द बोलली नाही, हेही हर्षलाला खटकलं.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात डॉक्टर मेहेर तांबोळींसमोर बसली. प्रत्यारोपण विभाग त्याच बघायच्या.

"डॉक्टर, तो मणी खोटं बोलतो का? की पट्टी?"

"दोघं खरं बोलतात. बेरीज चुकते." डॉक्टरांनी दादाच्या दिवसाचा आलेख भिंतीवरच्या पडद्यावर घेतला. "तुम्ही सगळे फक्त गडाकडे बघता. बाकीचा दिवस बघा. गड सुरू करण्याआधी हे गृहस्थ दिवसभर उठबस करायचे, फोनवर बोलताना येरझारा घालायचे. आता?"

"आता दिवाणावर पडून असतो."

"आणि तेवढंच नाही. आतूनसुद्धा शरीर हात आखडतं. तुमच्या इमारतीत तळमजल्यावर कुणी बागेला नळ मोकळा सोडला, तर वरच्या मजल्यावर काय होतं?"

"धार बारीक होते."

"कारण टाकी तेवढीच असते. गडावर सहाशे गेले हे खरं. पण त्यातले निम्मे शरीरानं दिवसभरात दुसरीकडून कापून घेतले. पट्टीला ती कपात समजत नाही. ती म्हणते सहाशे खा, आणि तुमचे दादा आज्ञाधारक, पुरते सहाशे खातात."

हर्षलाला रडू आणि हसू एकदमच आलं. दादा लबाड नव्हता! "मग त्यानं करायचं काय?"

"चढायचं, पण चढल्याचं बक्षीस घ्यायचं नाही. अगदीच भूक लागली तर एखादं अंडं, ताक, मूठभर फुटाणे. मात्र एक ऐका." डॉक्टरांनी आलेखाच्या तळाशी बोट ठेवलं. "सगळेच नळ बंद करून चालत नाही. फार ओढाताण झाली की शरीर ऊब तोडतं, केस तोडतं, जखम भरून काढणं तोडतं. ऑपरेशननंतर या माणसाला तेच तर लागणार आहे. ही रेघ तांबडी झाली, की साक्षीदारानं आम्हाला कळवायचं. कळवलं, की दात्याला सहा महिने सक्तीची विश्रांती."

"यंत्र आपणहून का नाही कळवत?"

"दातेच कोर्टात गेले. शरीर आमचं, चुगली यंत्रानं का करावी, म्हणाले. कळवायचं तर आमच्या माणसानं कळवावं. तेही बरोबरच आहे. पण साक्षीदार म्हणून तुमचं नाव मला तेव्हाही पटलं नव्हतं. नियमात बसत होतं, म्हणून चाललं. दादांना मी विचारलंसुद्धा."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, जिला अंगातला तुकडा काढून द्यायचा, तिच्यापासून लपवायचं काय?"

हर्षलाला भावाचा अभिमान वाटला. डॉक्टर कशाबद्दल बोलत होत्या, ते त्या क्षणी तिच्या डोक्यात शिरलं नाही.

तिनं दादाला सगळं समजावलं, माफीही मागितली. दादा हसला. दुसऱ्या दिवसापासून बाकड्यावर तो नुसता कोरा चहा घेऊन बसू लागला. दोस्तांनी "काय सरकार, सासूबाईंनी दम दिला का?" म्हणून टोमणे मारून बघितले, पण गडी बधला नाही. गणपतीत मोदक आले नि गेले. वजन उतरू लागलं. पंच्याऐंशी झालं, चौऱ्याऐंशी झालं. नितीननं तर दादाला फोन करून "मानलं बुवा तुम्हाला" म्हटलं.

पण बहिणीनं संशय घेतला, ही गोष्ट दादाच्या मनात रुतून बसली होती. तो संध्याकाळीही गड चढू लागला. हर्षलाच्या फोनवर घास कमी कमी होत गेले. अर्धी भाकरी. ताक. मग नुसतंच ताक. आणि नवरात्रात एका सकाळी आलेखाच्या तळाची रेघ तांबडी दिसली.

हर्षलानं फोन उन्हातून सावलीत नेला. रेघ तांबडीच होती. एखाद्या दिवशी असं व्हायचंच, तिनं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, नवरात्राचे उपास आहेत. तिसऱ्या दिवशी तिनं आलेख उघडलाच नाही, फक्त वजन बघितलं. साडेत्र्याऐंशी. काय छान उतरलं होतं!

दसरा झाल्यावर सोनलवहिनी एकटीच आली. बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. तिनं चहा नको म्हटलं.

"ताई, ह्यांनी काल कपाटातून स्वेटर काढला."

"स्वेटर?"

"पंखा लावू देत नाहीत. गडावर नडगीला खरचटलं होतं, ते अजून ओलं आहे. जेवा म्हटलं की अंगावर येतात. सकाळी कंगव्यात एवढे केस." तिनं मूठ करून दाखवली. "तुमच्या फोनवर सगळं दिसतं ना?"

"दिसतं."

"मग त्यात तांबडं काही आलेलं नाही?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं. हर्षलाची नजर भिंतीवर गेली, खिडकीवर गेली, वहिनीच्या तोंडाकडे काही गेली नाही. "थोडं कमीजास्त होतं, वहिनी. आता दीड किलोचाच प्रश्न आहे."

सोनल उठून उभी राहिली. नणंदेपुढं आवाज चढवणारी ती बाई नव्हती, आणि आताही तिनं तो चढवला नाही.

"ताई, तुम्ही आमच्या घरात येऊन ह्यांना विचारलंत, द्यायची आहे ना? तेव्हा मी गप्प बसले. म्हटलं, जिवावर बेतलंय त्यांच्या, बोलणारच. आज मी विचारते. तुम्हाला तुमचा भाऊ हवाय ना?"

उत्तराला न थांबता ती चपला घालून निघून गेली.

हर्षलाच्या अंगाचा तिळपापड झाला. ही कोण मला विचारणार? महिनोन् महिने सुया मी टोचून घेतल्यात, तिनं नाही! मग तिनं आलेख उघडला. तांबडी रेघ आता रेघ राहिली नव्हती, चांगला बोटभर पट्टा झाला होता. राग कुठल्या कुठे गेला. हे सुरू झालेलं आपण बघितलं होतं. बघून गप्प बसत होतो. दादावर जो संशय घेतला, तो नेमका आपल्यावर घ्यायला हवा होता.

तिनं त्याला फोन लावला. तो गडाच्या वाटेवर होता. दम लागल्याचं ऐकू येत होतं.

"दादा, जेवलास?"

"जेवलो की. भरपेट."

फोनच्या कोपऱ्यात दातमण्याची ओळ होती: कोरा चहा. सकाळपासून तेवढंच.

"खोटं बोलतोस. मला दिसतंय."

पलीकडची धाप कमी झाली. बहुधा दगडावर बसला असावा. "हर्षे, दीड किलो राहिलंय. आठ दिवसांत काढतो. तू एवढंच कर, आठ दिवस बघू नकोस."

"आणि ऑपरेशननंतर तुझी जखम भरली नाही तर?"

"भरंल की. मी काय मातीचा आहे? तू कळवलंस ना, तर बघ. तुला माझी शपथ आहे."

"शपथ घालू नकोस रे, दादा," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. पलीकडून तो "अगं, अगं" करत राहिला. तिनं फोन बंद केला.

दंडावर डायलिसिससाठी धमनीला जोडलेली शीर थडथडत होती. रोजच थडथडायची, आज तिला ती नकोशी वाटली. डॉक्टर कशाबद्दल बोलत होत्या, ते आता लख्ख कळत होतं. दादाला थांबवायचा अधिकार सगळ्या जगात एकाच माणसाकडे होता, आणि त्याला थांबवलं तर मरणाच्या दारात उभं राहणारं माणूसही तेच होतं. दादाला यात काही वावगं दिसलंच नव्हतं. बहीण म्हटल्यावर त्यानं पुढं विचारच केला नव्हता.

नितीन बाहेर गेला होता. त्याला विचारलं तर तो काय म्हणेल, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं विचारलं नाही. साक्षीदाराचं पान उघडलं आणि 'कळवा' वर बोट दाबलं.

यंत्रानं सभ्यपणे एकेक विचारलं. दात्याचं नाव. तांबडी रेघ कधीपासून. साक्षीदाराचं दात्याशी नातं. हर्षला भरत गेली. तारीखही तिनं खरी घातली, नवरात्रातली. मग शेवटचा प्रश्न आला. साक्षीदार आणि रुग्ण ही दोन वेगळी माणसं असणार, असं धरूनच तो कुणीतरी लिहून ठेवला होता.

'दात्यास थांबवल्यास रुग्णाच्या जिवाला धोका संभवतो. रुग्णाला याची स्पष्ट कल्पना देण्यात आली आहे का?'

खाली दोनच चौकोन होते, हो आणि नाही. हर्षलानं प्रश्न पुन्हा वाचला. एवढं सगळं बघितलं, सगळ्यांना विचारलं. पण रुग्ण म्हणून तिला कुणी सांगायचं?