आजोबांना मॉबी गोड लागते

माउंट रॉस्किलच्या त्या गल्लीत दर शनिवारी कुंपणापलीकडून वास यायचा. दालचिनीचा, चक्रीफुलाचा आणि ओल्या लाकडाचा. शेजारच्या मिसेस बॅप्टिस्ट मूळच्या त्रिनिदादच्या. मॉबी हे तिकडचं पेय करायला त्या झाडाची साल उकळायच्या, जुन्या मॉबीचं विरजण लावायच्या आणि फेसाळलेली बाटली इरावतीच्या घरी द्यायच्या.

"फर्निचरचा काढा!" इरावती म्हणायची. शाळेच्या डिबेट टीमची कॅप्टन झाल्यापासून तिची जीभ चांगलीच सुटली होती.

मॉबी कडूच असते. बाबांनी एका घोटात सिंक गाठलं. आईनं तर मिसेस बॅप्टिस्टसमोरच तोंड वाकडं केलं. फक्त पुण्याहून राहायला आलेले आजोबा ग्लास चाटूनपुसून संपवायचे.

"उसाचा रस आहे गं नुसता!"

"आजोबा, शायनिंग मारू नका हं."

"खरंच. साप चावला की कडुनिंब गोड लागतो म्हणायचे आमच्याकडे. मला कुठे चावलाय बघ बरं!"

रिकामी बाटली परत देताना इरावतीनं हा जोक कुंपणावरून सांगितला. मिसेस बॅप्टिस्ट हसल्या नाहीत.

"गोड? माझ्या नवऱ्यालाही लागली होती. शेवटच्या आठवड्यात."

"ओह, सॉरी," इरावती म्हणाली आणि घरात येईपर्यंत मनातल्या मनात त्यांची टर उडवत राहिली. काय बाई आहे! साल उकळते आणि भविष्य सांगते!

पण आजोबा दारापर्यंत जाऊन धापा टाकायला लागले. पानातली पोळी अर्धी राहायला लागली. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहेत. मॉबी मात्र गोड. कालच्यापेक्षा गोड.

इरावतीचा असल्या फालतूपणावर काडीचा विश्वास नव्हता. तरी दुपारी, घरात कोणी ऐकत नाही बघून, तिनं फ्रिज उघडला आणि बाटलीला झापलं.

"ए लाकडाच्या पाण्या! माझ्या आजोबांना कडू लागायचं, कळलं? गोडच लागायचं असेल तर दुसरं गिऱ्हाईक बघ."

बाटलीत हळूहळू फेस चढला. बूच घट्ट होतं.

संध्याकाळी आजोबांनी घोट घेतला आणि थू थू केलं.

"शी! कडूजहर!"

मग त्यांनी गरम पोळी मागितली. वर आणखी एक.

इरावती नाचलीच. उद्या त्या बाईंना असं ऐकवते ना!

तेवढ्यात आई कामावरून आली. जॅकेटही न काढता तिनं आजोबांचा ग्लास उचलला.

"आई, नको..."

ग्लास रिकामा झाला.

आईनं ओठांवरचा फेस जिभेनं टिपला.

"अजून आहे का गं?"